हातचा

गुलाबी कागद वाटलेत आज,
गणिताच्या तासाला भरायचे,
कारण गणिताचा तास तसाही रिकामाच.
पहिलं वाक्य: माझ्या शिकण्याला शाळेचा आधार मिळतो.
पुढे पाच चौकटी, 'पूर्ण सहमत'पासून 'अजिबात नाही'पर्यंत.
नाव लिहायचं नाही.
बरंच झालं. ग्रिम्सबीत माझं नाव तसंही
कुणाला लिहिता येत नाही.

सप्टेंबरपासून सात जण आले,
बदलीवरचे, कुणी हलहून, कुणी लिंकनहून पहाटेच्या बसने.
एकाच्या डब्यात रोज एकच उकडलेलं अंडं,
एकीच्या गळ्यात अजून आधीच्या शाळेचं ओळखपत्र.
हजेरीत सगळे एकाच जागी अडखळले:
ल्यूक, मेगन, आणि मग शांतता.
ती शांतता म्हणजे मी, मृण्मयी.
तिलाच 'येस सर' म्हणायची सवय लागली.

सातही जणांनी अपूर्णांक पहिल्यापासून शिकवले,
आधीचा कुठवर आला होता
हे कुणी कुणाला सांगूनच गेलं नव्हतं.
प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्सला उजवी कड नव्हती.
टाकीला दोन नळ, पहिला ती भरतो सहा तासांत, दुसरा
—
दुसऱ्या नळाचं काय झालं
ते वर्गात कुणालाच ठाऊक नाही.

मावशी अकोल्याहून विचारते, तिकडच्या शाळा छानच असतील ना गं?
रात्रपाळी करून आलेली आई बूट काढता काढता
माझ्याकडे न बघता म्हणते, हो, छानच.

मिसेस ब्रॉकल्सबी माझ्यासाठी नव्हत्याच.
त्या किरनच्या. किरनला आकडे उलटे दिसतात,
म्हणून त्याच्या शेजारी त्यांची खुर्ची,
आणि खुर्चीच्या पलीकडे, योगायोगाने, मी.
दुसऱ्याच्या ताटातलं सांडेल तेवढं मी वेचलं.
वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात होत्या त्या,
बोटांवर सुरीच्या बारीक पांढऱ्या रेघा,
डावा गुडघा जिना आला की कुरकुरायचा.
एकदा मी एक समीकरण पुढे सरकवलं.
बराच वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, हे मलाही येत नाही बघ. उद्या.

'उद्या' हा शब्द मी सात जणांकडून ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी त्या गॅसच्या बिलाचं पाकीट घेऊन आल्या,
पाठकोऱ्या बाजूवर तेच समीकरण
चार वेळा चुकलेलं, खोडलेलं, चहाचा एक गोल डाग,
आणि तळाशी, पाचव्यांदा, बरोबर.
मला उत्तर आधीच सापडलं होतं.
मी सांगितलं नाही. त्यांनी पहिल्या ओळीपासून समजावलं,
मी पहिल्या ओळीपासून ऐकलं.

जानेवारीपासून त्या तीनच दिवस येतात.
पैसे नाहीत म्हणे. पत्र आलं होतं घरी,
आईने ते फ्रिजवर लावलं, मग काढलं.
गुरुवारी, शुक्रवारी मधली खुर्ची रिकामी,
तिच्यावर किरनचं दप्तर बसतं.

फॉर्मवर पाच चौकटी आहेत.
सोमवार ते बुधवार एक खूण
आणि गुरुवार-शुक्रवार दुसरी, असं चालतं का?
विचारायचं कुणाला. आठवे सर खिडकीशी उभे,
बाहेर सीगल कुणाचं तरी सँडविच उचलून चाललाय,
आज गुरुवार.

किरन बेरजेपाशी अडलाय. सात आणि आठ, पंधरा,
पाच लिहिले, पुढे?
इथे तो एक रेघेखाली बारीक लिहितात,
किरन नेमका तोच विसरतो, दरवेळी.
मी म्हणते, आमच्याकडे त्याला हातचा म्हणतात.
लिहू नकोस. हातात ठेव.

तो डावी मूठ मिटतो, खरोखरच,
घट्ट, नखं पांढरी होईपर्यंत,
आणि उजव्या हातात पेन तसंच धरून विचारतो,
किती वेळ?